चौथ्या कॅनमधलं पाणी

साबणाला फेस येईनासा झाला, की आमच्या घरात उन्हाळा लागतो. कॅलेंडर काहीही म्हणो. परवा सकाळी तोंड धुताना साबण हातात नुसताच फिरत राहिला, दह्यासारखे पांढरे कण बोटांना चिकटले, आणि मी मागच्या दारातून ओरडून विचारलं, "काकी, विहीर फिरली का?"

काकी धुण्याच्या दगडापाशी होती. वर न बघताच म्हणाली, "कालच फिरली. चहा पिऊन कळलं नाय तुला?"

नव्हतं कळलं. गेली काही वर्षं पाण्यातले क्षार मोजणं हेच माझं काम आहे, पण ते यंत्र लावून. जिभेने मोजणारी माणसं आमच्या घरात वेगळी आहेत.

वसईजवळच्या भुईगावात आमची वाडी समुद्रापासून इतकी जवळ आहे, की वारा पडला तर लाट ऐकू येते. मोगरा, सोनचाफा, केळी, नारळ. काका वाडी बघतो, काकी घर आणि वाडी दोन्ही बघते, आई-बाबा नोकरीवर जातात आणि मी मुंबईला संशोधन करते. मार्च संपत आला की विहिरीतलं गोडं पाणी खाली जातं आणि खारं वर यायला लागतं, म्हणजेच विहीर फिरते. मग काका रोज सकाळी पंप लावण्याआधी ओंजळभर पाणी घेतो, एक घोट तोंडात घोळवतो, थुंकतो आणि ठरवतो. मोगऱ्याला चालेल का? केळीला चालेल का? दोन तास पंप चालला की बंद. "तिला जरा दम घेऊ दे," असं विहिरीकडे हात करून म्हणतो, जणू ती बाजारातून चालत आली आहे.

या दिवसांना त्यांचे स्वतःचे वास आहेत. शेजारच्या राजोडी गावाकडून वारा वळला की सुकत घातलेल्या बोंबलांचा, दुपारी उन्हात तापलेल्या सोनचाफ्याचा, आणि संध्याकाळी वाडीच्या कोपऱ्यात केळीचे वाळके सोप जळतात त्यांचा. सोप म्हणजे केळीच्या खोडाचे थर. घड उतरवला की खोड तोडतात, सोप वाळतात, काकी ते जाळते आणि राख पत्र्याच्या डब्यात भरून ठेवते. हे मी जन्मापासून बघत होते. बघत होते म्हणजे त्याच्या शेजारून दप्तर घेऊन जात होते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची होती. राखेत पोटॅशियम असतं हे मी पाठ केलं होतं आणि परीक्षेत लिहून पूर्ण गुणही मिळवले होते. पण पुस्तकातली राख आणि काकीच्या डब्यातली राख एकच, असा विचार माझ्या मनात कधी आलाच नाही.

माझं काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं आहे. पाण्यात दोन जाळ्या बुडवायच्या, त्यांतून वीज सोडायची. एका जाळीवर हायड्रोजन सुटतो, दुसरीवर ऑक्सिजन. वीज सूर्याची किंवा वाऱ्याची असेल तर हा हायड्रोजन स्वच्छ इंधन होतो. जळला की पुन्हा पाणीच. पण त्यासाठी लागतं शुद्ध पाणी. दर उन्हाळ्यात जिथे घोटभर पाण्याची चव घेऊन पंप लावतात, त्या घरातल्या मुलीला गोडं पाणी इंधनासाठी फोडायचं हे काही पटेना. म्हणून मी समुद्राचं पाणी निवडलं. सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, तेव्हाच सांगितलं होतं, "समुद्र त्रास देईल हं."

समुद्राने त्रास दिला. प्रयोगशाळेत मीठ विरघळवून केलेल्या पाण्यात माझी निकेलची जाळी, आकाराने नखाएवढी, शहाण्यासारखी वागायची. खऱ्या समुद्राच्या पाण्यात मात्र एका दिवसात तिच्यावर पांढरा थर बसायचा. समुद्रात मिठाबरोबर मॅग्नेशियम असतं, कॅल्शियम असतं. ते हायड्रोजनच्या बाजूच्या जाळीवर येऊन बसतं. जाळीची भोकं बुजतात, व्होल्टेज चढत जातं, बुडबुडे मंदावतात. माझी शेजारच्या टेबलावरची मैत्रीण स्नेहल रोज सकाळी डोकावून बातमी द्यायची, "धरली गं तुझ्या जाळीने साय."

साय धरू नये म्हणून मी जाळीला लेप लावायचे. एक लेप, दुसरा लेप, पातळ, जाड, भट्टीत भाजलेला, न भाजलेला. तीन वर्षं. लेप फसला की जाळी आम्लात बुडवून घासायची आणि पुन्हा पहिल्यापासून. या कामात बोलावं फारसं लागत नाही, हा त्याचा एक फायदा. मला ते बरं वाटायचं.

आता ज्या उन्हाळ्याची आठवण परवा साबणामुळे आली, त्याकडे येते. तो दोन वर्षांपूर्वीचा. जूनच्या पहिल्या आठवड्यात समितीसमोर वर्षभराचं काम मांडायचं होतं. लेप चालतो असं दाखवता आलं तर फेलोशिप पुढे चालू, नाहीतर विषय गुंडाळायचा. सरांनी हे मला फार हळू आवाजात सांगितलं होतं, त्यावरून मला त्याचं वजन कळलं.

मेमध्ये मी मुंबईतच हॉस्टेलवर राहिले. आधीचे पाण्याचे तीन कॅन मी स्वतः भुईगावच्या किनाऱ्यावरून भरून आणले होते. चौथा काकाने भरला. आमची फुलं रोज पहाटे टेम्पोने दादरच्या फूलबाजारात जातात. त्याच टेम्पोत मोगऱ्याच्या गाठोड्यांमध्ये तो कॅन ठेवून दिला. मी दादरला उतरवून घेतला आणि टॅक्सीने प्रयोगशाळेत नेला. झाकण उघडलं तर मोगऱ्याचा वास. पाणी काचेसारखं. स्नेहल म्हणाली, "हा समुद्र आहे की अत्तर?"

त्या पाण्यात मी नव्या लेपाची जाळी सोडली. पहिला दिवस गेला, साय नाही. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी स्नेहल डोकावली आणि काही न बोलता गेली, दृष्ट लागेल म्हणून. अकराव्या दिवशीही जाळी स्वच्छ होती आणि व्होल्टेजची रेघ अशी आडवी, की कोणी पट्टी धरून ओढली असावी. मी ती रेघ मोबाइलमध्ये ठेवली होती आणि जेवताना काढून बघायचे. सर कौतुकाला कंजूष. "बरं आहे," एवढंच म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी तो आलेख छापून त्यांनी स्वतःच्या खोलीच्या दारावर बाहेरून चिकटवला. मी त्या आठवड्यात त्या दारावरून गरज नसताना कितीतरी वेळा गेले.

खात्री म्हणून पुन्हा एकदा करून बघायचं ठरलं. रविवारी घरी गेले, भरतीच्या वेळी स्वतः पाचवा कॅन भरला आणि सोमवारी पहाटे टेम्पोत काकाशेजारी बसून घेऊन आले. तोच लेप, तशीच जाळी. मंगळवारी सकाळी साय.

तो आठवडा मी सगळ्यांवर संशय घेण्यात घालवला. भट्टीवर, तारेवर, मीटरवर, स्वतःच्या हातांवर. पुढच्या रविवारी घरी जेवायला बसले तेव्हा समिती तीन दिवसांवर होती. ताटात कोलंबीचं कालवण होतं आणि मी भात नुसता चिवडत होते.

"तोंड का पाडलंयस, बाय?" काकीने विचारलं.

"काही नाही."

"तुझं काय नाय म्हनजे पुष्कळ काय असतं."

"पाणी खराब निघालं या वेळी."

"निघनारच! किनाऱ्यावरचं तसंच उचलून नेलंस. मागच्या वेळचं कसं चांगलं होतं."

माझा घास हातातच राहिला. "मागच्या वेळचं वेगळं होतं?"

"वेगळं म्हनजे, मी निवळून दिलेलं," काकी म्हणाली. "काकाने आनलं ते नुसतं गढूळ. मुंबईच्या साहेबांसमोर असलं पानी ठेवायचं? काय म्हनतील, ह्यांच्या घरात पानी निवळायची पन अक्कल नाय? तीन मुठी राख घातली, ढवळलं, रात्रभर ठेवलं. तळाला हा एवढा पांढरा गाळ! पहाटे वरचं पानी फडक्यातून गाळून कॅनमध्ये भरलं."

काकीचं माहेर खाडीकाठच्या मिठागराच्या गावातलं. तिथे उन्हाळ्यात गोडं पाणी हंड्याने मोजून मिळायचं, त्यामुळे धुण्याचं खारं पाणी आदल्या संध्याकाळी राख घालून निवळायचं हे तिच्या हाताला लागलेलं. तसं केलं की साबणाला फेस येतो. फेस का येतो? कारण राख अल्कधर्मी असते आणि तिच्यामुळे मॅग्नेशियम आणि कॅल्शियम गाळ होऊन खाली बसतं. तेच मॅग्नेशियम आणि तेच कॅल्शियम, ज्यांना अडवायला मी तीन वर्षं लेप लावत होते.

"गाळाचं काय केलंस?" मी विचारलं.

"केळीला घातला."

म्हणजे अकरा दिवसांची ती आडवी रेघ लेपाची नव्हतीच बहुतेक. जी साय धरायची, ती काकीने आधीच केळीच्या बुंध्याशी ओतून टाकली होती. माझ्या चेहऱ्याकडे बघून ती म्हणाली, "काय चुकलं काय माझं?" मी "नाही" म्हणाले आणि हात धुवायला उठले. तिने पुन्हा विचारलं नाही. मात्र ती दिवसभर माझ्यापासून जरा लांबून वावरत राहिली, हे मला दिसत होतं आणि तरी मला जाऊन काही बोलता आलं नाही.

त्या दुपारी मी वाडीत बसून जो हिशेब मांडला, तो मला फार शोभणारा नव्हता. चौथा कॅन धुऊन मागच्या अंगणात पालथा पडला होता. राखेबद्दल जगात फक्त काकीला माहीत होतं, आणि काकीला समिती माहीत नव्हती. आलेख खरा होता. त्यातला एकही आकडा मी खोटा लिहिला नव्हता. पाचवा कॅन "खराब निघाला" म्हणून बाजूला ठेवता येत होता. प्रयोगात असं एखादं पाणी खराब निघतंच. कमी बोलणाऱ्या माणसाला न सांगणं फार सोपं जातं. कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं म्हणायची त्याला सवयच असते. मला ती होती. घरात, शाळेत, सगळीकडे त्या सवयीने मला सांभाळलं होतं. पण तो आलेख दाराबाहेर चिकटलेला होता, आणि सोमवारी मला त्या दारावरूनच जायचं होतं. ते जमणार नाही, एवढं मला तिथे बसल्याबसल्या कळलं.

सोमवारी सकाळी मी सरांच्या खोलीत गेले आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं. "सर, चौथ्या कॅनमध्ये राख होती."

"राख? कोण सिगरेट ओढतं तुमच्याकडे?"

"केळीची राख, सर. काकीने पाणी निवळलं होतं. मला माहीत नव्हतं."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पीएच बघितला होतास?"

"नाही."

"का?"

"समुद्राचं पाणी म्हणजे समुद्राचं पाणी, असं धरून चालले."

त्यांनी माझी वही ओढून घेतली आणि पीएचच्या रिकाम्या जागेभोवती पेनने गोल काढला. तेवढा ओरडा मला पुरला. शाळेतल्या कुठल्याही बाईंनी मला इतकं झोडपलं नव्हतं. मग ते म्हणाले, "किती राख?"

"तीन मुठी."

"मूठ म्हणजे किती?"

"काकीची मूठ."

"मग काकींना फोन लाव."

फोन स्पीकरवर ठेवला. समोर सर आहेत हे कळताच काकी घाईघाईने म्हणाली, "साहेब, पोरीला काय बोलू नका. तिला माहीतच नव्हतं. चूक माझी आहे."

"चूक कसली हो, काकी. मला एवढंच सांगा, राख कसली घेता?"

"केळीच्या सोपाची. झावळीची पन चालते, पन तिला तेवढा जोर नाय."

"जोर आहे की नाही हे कसं कळतं?"

"बोटाला कळतं ना! पानी जरा बुळबुळीत लागलं पायजे. नाय लागलं तर आनखी अर्धी मूठ."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंस? पीएच. बोटाने." मग फोनकडे वाकून म्हणाले, "आणि काकी, तो गाळ या वेळी केळीला घालू नका. मला पाठवा."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग अगदी काळजीच्या आवाजात, "गाळ? तुम्हाला? साहेब, जेवलात काय?"

सर मोठ्याने हसले. मीही हसले, पण लगेच ते उठले, दाराबाहेर गेले आणि आलेख त्यांनी स्वतः काढला. चिकटपट्टी जपून सोडवली, कागद घडी घालून माझ्या हातात दिला. "बुधवारी दोन्ही रेघा दाखवायच्या. चौथी आणि पाचवी. आणि कारण तू सांगायचंस."

बुधवारी मी सांगितलं. पाण्याचा ग्लास दोनदा उचलला आणि न पिता ठेवला. बाहेरून आलेल्या एक बाई समितीत होत्या, बारीक काठाच्या साडीतल्या, प्रत्येक वाक्यानंतर पेन टेबलावर आडवं ठेवणाऱ्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे तुमचा लेप काम करतो की नाही?"

"माहीत नाही."

"कधी माहीत होईल?"

"लेप नसलेली जाळी राखेच्या पाण्यात चालवली की."

"मग चालवा," त्या म्हणाल्या आणि पेन आडवं ठेवलं. फेलोशिपला एका वर्षाऐवजी सहा महिने मिळाले.

पावसाआधी सोप जाळायचे होते, कारण ओली राख कामाची नाही. त्या दोन आठवड्यांत घरातले सगळे माझ्या कामाला लागले. काका कुरकुरत होता, "सगळे सोप जाळलेत तर वाफ्यांवर काय पसरू, तुमचे आलेख?" पण खोडं तोडून तोच देत होता. स्वयंपाकघरातला वजनकाटा मी ओट्यावर मांडला आणि काकीला दहा मुठी राख एकेक करून वाटीत टाकायला सांगितली. ती इतकी अवघडली, की पहिली मूठ धरून तशीच उभी राहिली.

"नेहमीसारखी घाल गं, काकी."

"तू बघत असल्यावर नेहमीसारखी कशी घालनार?"

मी पाठ फिरवून उभी राहिले आणि आकडे नंतर वाचले. दहाही मुठी जवळजवळ सारख्या. माझ्या स्वतःच्या दहा मुठींमध्ये त्याहून दुप्पट फरक पडला. तिला ते दाखवलं तेव्हा तिने कागद हातात घेऊन स्वतःच्या मुठींची रांग बोट लावून वाचली, आणि पदराला हात पुसत हळूच म्हणाली, "म्हनजे चुकलं नव्हतं माझं."

"नव्हतं, काकी. त्या दिवशीच सांगायला हवं होतं मी."

मग दोन भांडी शेजारी शेजारी. दोन्हींत राखेने निवळलेलं समुद्राचं पाणी, या वेळी पीएच मोजून. एकात लेपाची जाळी, दुसऱ्यात नुसती. नुसतीवर साय धरली असती तर माझा लेप जिंकला असता. रोज सकाळी मी आधी नुसत्या जाळीकडे बघायचे, आणि ती मळलेली दिसावी अशी इच्छा करताना स्वतःलाच पकडायचे. तिसरा दिवस, सहावा, अकरावा. दोन्ही जाळ्या स्वच्छ. दोन्हींतून बुडबुड्यांच्या बारीक माळा सारख्याच वर जात होत्या. तेराव्या दिवशी स्नेहलने विचारलं, "बंद करू?" मी म्हटलं, "राहू दे अजून." मला ते बघत बसावंसं वाटत होतं. आश्चर्य म्हणजे वाईट वाटत नव्हतं. साधी, स्वस्त जाळी समुद्राच्या पाण्यात चालत होती. बातमी चांगली होती, फक्त तिच्यात माझं काही नव्हतं.

सगळ्या वसईच्या केळी जाळल्या तरी एका कारखान्याचं पाणी निवळणार नाही, हे सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आता तेच माझं काम आहे: राखेऐवजी दुसरं काय, गाळातलं मॅग्नेशियम कुठे विकता येईल, पाणी किती निवळलं की पुरे. जाळी तशीच राहिली आणि माझी नजर तिच्यावरून पाण्यावर आली. या वर्षीचे सोप जाळून झाले आहेत. डब्यावर काकीच्या अक्षरात "सोप" आणि "झावळी" अशा चिठ्ठ्या आहेत, आणि काकाने चिठ्ठीवर वारही लिहायला सुरुवात केली आहे.

त्या तेराव्या दिवशी मात्र मी कॉरिडॉरमध्ये जाऊन काकीला फोन केला. तिच्या मागे पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"चाललं, काकी. तुझं पाणी चाललं."

"आनि तुझा लेप?"

"लेपाचा काही उपयोग नाही. जाळी नुसती ठेवली तरी तेवढीच चालते."

"म्हनजे तीन वर्षं तू..." असं म्हणून ती थांबली. काकीने वाक्य अर्धं सोडलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"हो. तीन वर्षं," मी म्हणाले, आणि मला हसू फुटलं. आधी थोडं, मग इतकं, की समोरच्या खोलीतून कोणीतरी डोकावून गेलं. काकीही हसायला लागली, आधी भीत भीत, मग मोकळं.

"मग आता काय करनार?"

"लिहिणार."

"काय लिहिनार?"

"हेच. असा असा लेप लावून बघितला, त्याचा उपयोग होत नाही."

"असं पन लिहितात?"

"लिहावं लागतं, काकी. नाहीतर दुसरी कोणीतरी मुलगी तीन वर्षं तोच लेप लावत बसेल."

तिने जरा विचार केला असावा.

"मग मोठ्या अक्षरात लिही," ती म्हणाली.